छत्तीस उंदीर, एक बदक आणि मी

मी एक जुना रंग आहे, मित्रांनो, आणि पाण्याशी माझं आयुष्यात कधी जमलं नाही.

तुमच्या ओळखीचे रंग वेगळे. ते पाण्यात विरघळतात, कपड्यावर चढतात, भिंतीवर बसतात. मला पाण्यात टाकलंत तर मी गाळ होऊन तळाशी बसेन आणि तुम्ही कितीही ढवळलंत तरी दाद देणार नाही. मला लागते चरबी. एखाद्या प्राण्याच्या यकृताचा केसाहून पातळ काप काढा, काचेवर ठेवा आणि त्यावर मला सोडा. त्या कापात जिथे चरबीचा थेंब असेल तिथे मी शिरून बसतो आणि तो थेंब लाल दिसू लागतो. बाकी कशाला मी हात लावत नाही. एवढं एकच काम मला येतं. नाव माझं ऑइल रेड ओ. ते कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणारा घाईत असावा.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. दगडी कोळशाच्या डांबरातून निघणाऱ्या द्रवांपासून मला घडवलं, वाळवलं, चाळलं आणि बोटभर उंचीच्या बाटलीत भरलं. मग मी जहाजातून निघालो, बरेच दिवस अंधारात राहिलो आणि अखेर एका उष्ण बेटावरच्या योग्याकार्ता शहरातल्या प्रयोगशाळेत येऊन पोचलो. बाटलीचं सील तोडलं ते पाक मार्सुदींनी; 'पाक' हे तिकडचं आपल्या 'राव'सारखं मानाचं संबोधन. तेव्हा ते तिशीतले होते आणि त्यांचे केस काळे होते. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, वास घेतला, आणि "हं" म्हणाले. पाक मार्सुदी एरवीही फार बोलत नाहीत.

त्यांनी मला अल्कोहोलमध्ये विरघळवून लिटरभराच्या तपकिरी काचेच्या बाटलीत ठेवलं. तेच माझं घर झालं. वापराच्या दिवशी ते त्यातला थोडासा मी काढून घेत, त्यात मोजून पाणी घालत आणि कागदातून गाळत. पाणी मिसळलं की मी कावराबावरा होतो, आणि जवळ चरबी दिसली की तिच्यात धाव घेतो. सगळी गंमत त्यातच आहे. पण गाळलं नाही तर माझेच कण काचेवर इकडेतिकडे पडतात आणि नसलेली चरबी असल्यासारखी दिसते. घाईतल्या लोकांना हे पटत नसे. पाक मार्सुदी त्यांना सांगत, "याला गाळल्याशिवाय हा कोणाचं ऐकत नाही."

पहिली काही वर्षं माझी चलती होती. माशांची अंडी, भुईमुगाचे दाणे, म्हशीचे स्नायू, बदकांची यकृतं, काय काय मी रंगवलं. एका जुन्या प्राध्यापकांनी तर माझ्या एका स्लाइडचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता. पाहुणे त्याच्यापुढे उभे राहून वाहवा करत. मग अंधारात चमकणारे नवे रंग आले. त्यांच्यासाठी नवं यंत्र आलं, नवी खोली आली, आणि मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो. माझ्यापुढे कोणीतरी चहाच्या कपांचा खोका ठेवला. नऊ वर्षं मी तो खोका पाहत होतो. राग नाही आला. रंगाला राग येऊन करायचं काय?

चमकणाऱ्या रंगांचं ते यंत्र बिघडलं आणि दुरुस्त होईना, तेव्हा पाक मार्सुदींना माझी आठवण झाली. आणि तेव्हापासूनच्याच गोष्टीसाठी मी हे सगळं सांगायला बसलो आहे.

कपाटातून काढून मला ज्या खोलीत टेबलावर ठेवलं तिची खिडकी फाटकावर उघडायची. रोज सकाळी सात वाजता फाटकाशी म्बोक सागिनेम येत असे; म्बोक म्हणजे आई, पण तिला सगळेच म्बोक म्हणत. पाठीवर वेताची टोपली, टोपलीत गोल मांडलेल्या आठ बाटल्या, आणि प्रत्येकीत वेगळा जामू, म्हणजे औषधी काढा. एकात हळद-चिंच, एकात तांदूळ आणि कचोरा, एकात आलं, आणि आठवीत कडू. कडूत डोंगराकडून आणलेलं एक काळं पान असे. ते कुठे मिळतं हे ती कोणाला सांगत नसे. सकाळच्या रांगेत शिपाई, माळी, प्राध्यापक, पाक मार्सुदी, सगळे असत.

"पाक, आज तोंड का वाकडं?"

"गुडघा, म्बोक."

"मग कडू घ्या. गोड पिऊन कोणाचा गुडघा सुटलाय?"

"काल कडूच घेतला होता."

"म्हणून तर आज चालत आलात. नाहीतर उचलून आणावं लागलं असतं."

तिचा एक नियम होता. कडूचा पहिला पेला ती स्वतः पिणार, सगळ्यांच्या देखत, एका दमात, तोंड न वाकडं करता. मगच गिऱ्हाइकाला देणार. चाळीस वर्षं ती असा रोज एक पेला पीत आली होती. अलीकडे मात्र ती चढावर, चिंचेच्या झाडाखाली, टोपली उतरवून बसायची. उजव्या बरगडीखाली हात दाबून धरायची आणि मग उठायची. हे मला खिडकीतून दिसायचं.

ते दुसऱ्याही एका माणसाला दिसायचं. प्रयोगशाळेतल्या बू लारास, म्हणजे लारासबाई, या सागिनेमची मुलगी. आई फाटकाबाहेर जामू विकते आणि मुलगी फाटकाच्या आत संशोधन करते, यात दोघींनाही काही वावगं वाटत नसे. लारास रांगेत उभी राहून सगळ्यांसारखाच पेला घ्यायची.

त्या वर्षी गावातल्या तीन-चार बायकांचं यकृत सुजलं. तिघीचौघी कडू जामू पिणाऱ्या निघाल्या. आरोग्य कार्यालयात चर्चा सुरू झाली, की विकणाऱ्या बायकांच्या टोपल्या बंदच कराव्यात. लारास तिथे गेली आणि म्हणाली, "आधी मला बघू द्या. सगळा जामू वाईट आहे, एखादाच आहे, की कुठलाच नाही, हे न बघता टोपल्या काढून घेऊ नका." त्यांनी तिला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. उंदरांवरचा प्रयोग तिने आधीच सुरू केला होता. आईला चिंचेखाली बसलेलं बघून केला होता, कार्यालयाला घाबरून नाही.

छत्तीस उंदीर होते. बारांना नुसतं पाणी, बारांना काळ्या पानाशिवायचा जामू, बारांना काळ्या पानाचा. नव्वद दिवस. कोणत्या नंबरचा उंदीर कोणत्या गटातला, हे एका पाकिटात बंद करून पाकीट पाक मार्सुदींच्या खणात ठेवलं होतं. मोजताना आपलं मन मधे येऊ नये म्हणून लारासनेच तसं करायला लावलं. पान निर्दोष निघालं तर आईचा धंदा वाचणार होता. दोषी निघालं तर आईचा धंदा बुडणार होता, आणि शिवाय चाळीस वर्षांचा एकेक पेला आईच्या पोटात गेलेला होता. लारासला यातलं कुठलं उत्तर हवं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं.

नव्वद दिवस भरल्यावर एका गुरुवारी पाक मार्सुदींनी गोठवलेल्या यकृतांचे काप काढले आणि मला गाळून त्यांच्यावर सोडलं. छत्तीस स्लाइड उंदरांच्या आणि सदतिसावी बदकाची. बदकाची का, तर खाऊन-पिऊन लठ्ठ झालेल्या बदकाच्या यकृतात चरबी असतेच असते. ती स्लाइड लाल झाली, म्हणजे रंगाने काम केलं. लाल झाली नाही, तर रंगात किंवा रंगवणाऱ्यात खोट आहे आणि बाकीच्यांचं काही खरं धरायचं नाही. अशी ही बदकाची साक्ष प्रत्येक वेळी लागते.

मी माझं काम केलं. बदकात गेलो आणि गच्च बसलो. काही उंदरांत मला शिरायला जागाच नव्हती. काहींत मात्र पुष्कळ होती. कोण कुठल्या गटातला हे मला ठाऊक नव्हतं आणि त्याच्याशी माझं देणंघेणंही नाही. पाक मार्सुदींनी स्लाइड उजेडाकडे धरल्या. काही नुसत्या डोळ्यांनाही तांबूस दिसत होत्या. ते "हं" म्हणाले, वर ग्लिसरीनची जेली लावून काच बसवली आणि कडा नखांच्या पॉलिशने बंद केल्या. हात थरथरत असल्यामुळे पॉलिश जरा पसरलं.

मित्रांनो, अशा स्लाइडला जेलीच लावावी लागते. नेहमीच्या स्लाइड अल्कोहोलमधून, मग झायलीन नावाच्या द्रवातून काढून राळेत बसवतात. त्या सुंदर चकचकीत दिसतात. पण अल्कोहोलमध्ये मी सुटून येतो आणि झायलीनमध्ये चरबी. मागे उरतात ती भोकं.

शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेत सफाई असते. त्या दिवशी मोठा साहेबसुद्धा पँट दुमडून झाडू मारतो, कोणी खिडक्या पुसतं, कोणी फ्रिज धुतं, आणि मग सगळे बसून तळलेलं टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि भात खातात. ज्याचं काम त्यानेच करायचं असं त्या दिवशी नसतं. दुसऱ्याचं काम न सांगता उरकून ठेवणं हाच त्या दिवसाचा चांगुलपणा. विदुरी नावाची बाई तिथे नुकतीच बदलून आली होती. एका इस्पितळात दहा वर्षं तिने स्लाइड केल्या होत्या, आणि हात अगदी सफाईदार. तिला पाक मार्सुदींच्या टेबलावर सदतीस चिकट, डागाळलेल्या स्लाइड दिसल्या.

तिने त्या कोमट पाण्यात भिजवल्या, पॉलिश खरवडून काढलं, वरची काच सोडवली, एकेक स्लाइड अल्कोहोलमधून आणि झायलीनमधून नेली आणि राळेत बसवली. मी अल्कोहोलच्या भांड्यात उतरत होतो आणि द्रव गुलाबी होत चालला होता. विदुरी गुणगुणत होती. गुलाबी झालेला द्रव तिने टाकाऊ द्रवाच्या डब्यात ओतला. सदतीस स्लाइड पुसून, नंबर वर करून, पेटीत रांगेने लावल्या आणि ती टेंपे खायला गेली. मला त्या वेळी वाईट वाटलं की नाही, असं तुम्ही विचाराल. वाटलं. मी काम नीट केलं होतं आणि ते कोणी बघितलंही नव्हतं.

सोमवारी लारासने दार लावून घेतलं आणि सूक्ष्मदर्शकाशी बसली. एक ते छत्तीस. सोबतच्या दुसऱ्या रंगाने निळ्या झालेल्या पेशी होत्या, लाल काही नाही. काही स्लाइडमध्ये गोल गोल भोकं होती. गोठवलेल्या कापात बर्फाचीही भोकं पडतात, तेव्हा "ही बर्फाची," ती स्वतःशीच म्हणाली, आणि पुढे गेली. छत्तिसावी संपली आणि ती खुर्चीत मागे रेलून हसली. डोळे पुसले. सदतिसावी पेटीतच राहिली.

"पाक, कोणातच काही नाही!" तिने दार उघडून सांगितलं. "आणि स्लाइड काय स्वच्छ झाल्यात या वेळी."

पाक मार्सुदींनी पेटीत पाहिलं. चकचकीत राळ. कडेला पॉलिशचा मागमूस नाही. त्यांनी झाकण लावून पेटी लारासच्या टेबलावर ठेवली.

मंगळवारी सकाळी म्बोक सागिनेमने फाटकाशी सगळ्यांना कडू फुकट पाजला.

"घ्या, घ्या. माझ्या पोरीने उंदरांना पाजून बघितलाय. उंदीर ठणठणीत!"

"म्हणजे आता आम्ही उंदीर का, म्बोक?" माळी म्हणाला.

"उंदरांनी निदान कुरकुर केली नाही. पाक, तुम्ही का मागे? या पुढे."

पाक मार्सुदी पुढे आले. पेला घेतला. गुरुवारी तांबूस दिसलेल्या स्लाइड त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. सागिनेम त्यांच्याकडे बघून हसत होती. ते प्यायले. तिला नाही म्हणवेना.

मग ते जिना चढून वर आले. लारास अहवाल लिहीत होती. तिच्या टेबलाशी येऊन ते म्हणाले, "बदक पाहिलंत का, बू?"

"बदक?"

"मी आपलं विचारलं." आणि ते निघून गेले.

लारासने पेटी उघडली. सदतिसावी स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. लठ्ठ बदकाचं यकृत, आणि त्यात चरबीचा एक थेंब नाही. नुसती भोकं. अहवाल तिच्या कोपराशी अर्धा लिहून पडला होता. त्या खोलीत तेव्हा ती एकटी होती, आणि ती स्लाइड तिने परत पेटीत ठेवली असती तर कोणी काही विचारलं नसतं. पाक मार्सुदींनी तर नाहीच.

ती उठली आणि बाहेर आली. "या स्लाइडना कोणी हात लावला?"

मोरीशी भांडी धूत असलेली विदुरी वळली. "मी, बू. शुक्रवारी. काही फुटली का?"

"काय केलंस त्यांना?"

"चिकट झाल्या होत्या. पाकांचा हात हल्ली थरथरतो ना. त्यांना बोलले असते तर त्यांना वाटलं असतं, ही कालची आलेली माझं वय काढते. म्हणून न सांगता नीट करून ठेवल्या. इस्पितळात करायचो तशा."

लारास पाक मार्सुदींकडे वळली. "तुम्हाला सोमवारीच कळलं होतं?"

"चकाकत होत्या. माझ्या स्लाइड कधी चकाकत नाहीत."

"मग बोलला का नाहीत, पाक?"

"विदुरी नवीन आहे, तिला सगळ्यांसमोर खाली बघावं लागलं असतं. आणि बू, तुम्ही हसत होतात. तुम्हाला फार दिवसांनी हसताना पाहिलं."

कोणी रागावलं नाही. विदुरी रडायला लागली तेव्हा लारासनेच तिला पाणी दिलं. मी इतकी वर्षं या माणसांत काढली आहेत, मित्रांनो. ती मनाने चांगली आहेत, आणि एकमेकांची भीड त्यांना फार. विदुरीने पाकांची भीड धरली, पाकांनी विदुरीची आणि लारासची, आणि त्या भिडेत सदतीस स्लाइड धुऊन निघाल्या.

गोठवलेली यकृतं अजून शिल्लक होती. पण मी फारसा शिल्लक नव्हतो. भुकटी संपलेली, तपकिरी बाटलीच्या तळाशी चार बोटं द्रावण. नवा रंग मागवला तर यायला चार महिने, आणि कार्यालयाची मुदत अकरा दिवसांवर आलेली.

"एकदा पुरेल," पाक मार्सुदी बाटली तिरकी करून म्हणाले. "पण चुकलं तर मग नाही."

"काप तुम्ही काढा," लारास म्हणाली. "गाळायला मी बसते. आणि काच विदुरी बसवेल. तिचा हात थरथरत नाही."

विदुरीने पाकांकडे पाहिलं. "जेली कशी लावायची ते दाखवाल, पाक?"

"दाखवतो की," ते म्हणाले.

मला दोनदा गाळलं. शेवटचा थेंबसुद्धा बाटली उपडी करून काढला. तेव्हा माझा एक ओघळ लारासच्या अंगठ्यावर आला आणि तिथेच राहिला. माणसाच्या कातडीलाही थोडं तेल असतं, तेवढं मला पुरतं. तिने साबणाने घासलं, मी गेलो नाही.

या वेळी लारासने आधी बदक पाहिलं. लालभडक. मग एक ते छत्तीस मोजले, आकडे लिहिले आणि पाकीट फोडलं. पाणी प्यायलेले बारा स्वच्छ. काळ्या पानाशिवायचा जामू प्यायलेले बारा स्वच्छ. काळ्या पानाचे बाराच्या बारा लाल होते. तिने विदुरीला मोजायला बसवलं. आकडे तेच आले.

शनिवारी ती आईकडे गेली. मी अंगठ्यावर होतो, म्हणून पुढचं मला माहीत आहे. सागिनेम मागच्या पडवीत पाटा मांडून हळद वाटत होती. शेजारी सुपात काळी पानं निवडून ठेवलेली. लारास तिच्यासमोर बसली आणि हळद सोलायला लागली. अर्धी हळद सोलून झाली तरी ती बोलेना.

"तोंड का शिवलंस?" सागिनेमने विचारलं. "साहेबाने अहवाल परत केला का?"

"अजून दिला नाही, म्बोक."

"मग दे की. सगळ्या गावाला सांगून बसलेय मी." मग तिचं लक्ष गेलं. "हे अंगठ्याला काय, न्दुक, पोरी? कापलं?"

"रंग आहे. तीन दिवस झाले, साबणाने जात नाही."

"साबणाने काय जाणार? आण इकडे."

तिने खोबरेल तेलाचा थेंब घेतला आणि मुलीचा अंगठा चोळायला लागली. तेल लागताच मी सुटलो. मला चरबी हवी असते आणि ती मिळाली होती. सागिनेमच्या बोटांवर लाल तेल पसरलं. ती बघत राहिली.

"बघ. जिथे तेल तिथे हा जातो. हाच का तो, उंदरांना लावलेला?"

"हो."

"आणि तेव्हा लाल झालं नव्हतं."

"तेव्हा चूक झाली होती. परत केलं, म्बोक."

सागिनेमचा हात थांबला. मुलीचा अंगठा तिने सोडला नाही. "म्हणजे उंदरांच्या कलेजीत तेल साठलंय."

लारासने मान डोलावली.

"सगळ्या?"

"फक्त काळ्या पानाच्या. हळदीने, आल्याने काही नाही झालं. एकालासुद्धा नाही."

"किती दिवस पाजलंस त्यांना?"

"नव्वद."

"मी चाळीस वर्षं पितेय."

"माहीत आहे, म्बोक. म्हणून तर बघत होते मी. तुम्ही त्या चिंचेखाली बसता ना, ते वरून खिडकीतून दिसतं मला."

सागिनेम चिडली. पहिल्यांदाच मी तिचा चढलेला आवाज ऐकला. "याच पानावर तू शिकलीस! फाटकाच्या आत गेलीस ती याच टोपलीवर. आता आईलाच सांगतेस, तू लोकांना विष पाजलंस?"

"तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आता आहे."

मग सागिनेमने लाल झालेली बोटं फडक्याला पुसली आणि म्हणाली, "मला दाखव. तू म्हणतेस म्हणून नाही ऐकायची मी. मला दाखव."

सोमवारी सकाळी म्बोक सागिनेम इतक्या वर्षांत पहिल्यांदा फाटकाच्या आत आली. टोपली जिन्याशी ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी वर आली. विदुरीने तिच्यासाठी खुर्ची उंच केली. एक डोळा मिटून कसं बघायचं ते पाक मार्सुदींनी दाखवलं.

"हे पाणी प्यायलेलं," लारास म्हणाली. मग स्लाइड बदलली. "हे कडू प्यायलेलं."

सागिनेमने बराच वेळ पाहिलं.

"आणि ते शेवटचं काय?"

"ते बदक. लठ्ठ बदक. ताडून बघायला ठेवतो."

तिने बदक पाहिलं, परत उंदीर पाहिला, परत बदक पाहिलं. मग डोळा वर घेतला. "सारखंच आहे की," ती हळूच म्हणाली. मग पाक मार्सुदींकडे वळून, कमरेत वाकून, तिने जुन्या माणसांच्या आदराच्या भाषेत विचारलं, "पाक, आपण किती वर्षं पीत आहात?"

"अकरा, म्बोक."

"मला क्षमा करा."

"गुडघा बरा असायचा," पाक मार्सुदी म्हणाले.

लारासने अहवालात जे दिसलं तेवढंच लिहिलं. टोपल्या बंद झाल्या नाहीत, पान बंद झालं. सागिनेमने स्वतः डोंगराकडच्या बायकांना जाऊन सांगितलं. काहींनी ऐकलं, काहींनी तिला वेड्यात काढलं. तिची बरीच गिऱ्हाइकं तुटली, कारण कडू नाही तर बाकीचं कशाला, असं म्हणणारे पुष्कळ निघाले. इस्पितळात तिला तपासलं तेव्हा यकृत सुजलेलंच होतं. पाकांचंही थोडं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

त्या सोमवारी जिना उतरल्यावर सागिनेमने टोपली उचलली आणि परत ठेवली. कडूची बाटली तिने घरीच ठेवली होती, त्यामुळे उरलेल्या सात बाटल्या हलत होत्या, एकमेकींवर आपटत होत्या. "एखादी रिकामी बाटली आहे का, न्दुक? या अंगाची, जाड काचेची." पाक मार्सुदींनी माझं तपकिरी घर आणलं. चारदा धुतलं, बूच ठोकून वर मेण ओतलं आणि म्हणाले, "ही उघडायची नाही, म्बोक. नुसती भरीला." आठव्या जागेत ती अगदी घट्ट बसली.

आता मी दोन ठिकाणी आहे. थोडा त्या स्लाइडच्या पेटीत, आणि जेलीतला मी वर्षागणिक फिका होत जाणार. पेटीवर विदुरीच्या सुबक अक्षरात चिठ्ठी आहे, "साफ करण्याआधी विचारा." खाली पाक मार्सुदींनी थरथरत्या हाताने भर घातली आहे, "आणि विचारलं तर सांगा." माझी तुम्हाला विनंती हीच आहे, मित्रांनो. मला कपाटात ठेवलंत तरी चालेल, खोके ठेवा पुढे. पण मी जे दाखवलं ते कोणाच्या भिडेपोटी पुसून टाकू नका.

उरलेला मी या बाटलीच्या तळाशी लाल वर्तुळ होऊन आहे. चार पाण्यांनी मी गेलो नाही, ते तुम्हाला आता वेगळं सांगायला नको. रोज सकाळी सागिनेमच्या पाठीवर मी गावभर फिरतो. पहिला पेला ती अजूनही स्वतः पिते, हळदीचा. कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारतंच, "म्बोक, यात कडू लपवलाय ना? दे की अर्धा पेला."

"ती बाटली रिकामी आहे," ती सांगते. "कडू बंद केला. माझ्या पोरीने बघितलं, मग मी बघितलं."

मग ती टोपली सावरते आणि चढाला लागते. गेले पंधरा दिवस ती चिंचेखाली बसलेली नाही.